तात्या आणि खोटा काटा

आमचे शेजारी तात्या कुणाच्याही गाडीत बसले की आधी मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेतात. मग ओठ हलवत रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजतात आणि तिसऱ्या दगडाला जाहीर करतात, "तुमचा वेगाचा काटा खोटं बोलतोय. चारानं." मी नवी गाडी आणली, त्या दिवशी पेढा तोंडात टाकायच्या आधी त्यांनी मला 'गुरुजी' अशी हाक मारून हेच ऐकवलं होतं.

तात्या फौजेत मेकॅनिक होते. आता मलकापुरात एकटेच राहतात आणि गाड्यांचे मीटर दुरुस्त करतात. फक्त मीटर. इंजिन बंद पडलं तर त्यांना काही वाटत नाही. "बंद गाडी कुनाला मारत न्हाई," ते म्हणतात. "खोटा काटा मारतो."

गेल्या हिवाळ्यात त्यांना साताऱ्याहून सुशीलाताईंचा फोन आला. ताई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या दिवंगत यजमानांची लाल, दोघांपुरती, टप उघडणारी विलायती गाडी शेडमध्ये होती. इंजिन ठणठणीत, पण वेगाचा काटा मेलेला. नातीचं लग्न सांगलीला होतं. नवरी आजोबांच्या गाडीतूनच मांडवात येणार आणि गाडी सांगलीपर्यंत आपण स्वतः चालवत नेणार, असं ताईंनी ठरवून टाकलं होतं.

"एकट्या?" तात्यांनी फोनवर तीनदा विचारलं. त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

ताईंच्या भाच्यानं पुण्याहून दुसरा मीटर धाडला. काच तीच, रंग तोच. सगळे खूश. तात्यांनी मात्र भिंग लावलं. तबकडीच्या तळाशी मुंगीएवढा आकडा होता, १२८०. चाकांबरोबर फिरणारी केबल मैलभरात इतके वेढे फिरली तरच हा काटा खरं बोलणार. ताईंच्या गाडीची केबल किती फिरते, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या तबकडीवरचा आकडा गंजानं खाल्ला होता.

ते मोजायचं तर गाडी बावन्न फूट साडेनऊ इंच ढकलायची, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग. तात्यांनी मला साताऱ्याला ओढून नेलं, पण तिथं तेवढी सपाट गल्ली शोधण्यातच आमची अर्धी सकाळ गेली. शेवटी एक सापडली. ताई स्टिअरिंगवर बसल्या. तात्यांनी केबलीचं टोक मीटरमधून काढून त्याला कागदाची झेंडी चिकटवली आणि ते दाराला लटकले.

"गुरुजी, ढकला. हळू. लय हळू! सात... आठ..."

"पेट्रोल संपलं का हो?" खिडकीतून एका आजोबांनी विचारलं.

तात्या आकडा विसरले. आम्ही गाडी मागं आणली. पुन्हा ढकलली. खात्री म्हणून आणखी चारदा ढकलली. माझी कंबर कामातून गेली, पण दर वेळी झेंडी दहा वेढेच फिरली.

"म्हंजे मैलाला हजार," तात्यांचा चेहरा उतरला. "ह्यो मीटर बसवला तर ताई साठानं पळतील आन् काटा दावंल सत्तेचाळीस. त्यांना वाटंल, आपुन हळूच चाललोय."

"अहो तात्या, मी नाही पळवत एवढी," ताई हसल्या.

तात्या हसले नाहीत. लग्न आठ दिवसांवर होतं. त्यांनी सांगली पालथी घातली. एका वारलेल्या मेकॅनिकच्या घरच्यांनी माळा उघडून दिला, तिथं धुळीत त्यांना हजाराचा मीटर मिळाला. मग केबल चार बोटं आखूड निघाली. "ताणून बसवली तर काटा हिवताप आल्यागत थरथरंल," म्हणून ते लांब केबल आणायला पुन्हा सांगलीला गेले. सगळं जोडल्यावर ताईंच्या शेजारी बसून त्यांनी हायवेचे दगड मोजले. परत आले ते घाम पुसतच.

"खरं बोलतोय," म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

ताई निघाल्या त्या दिवशी तात्या सकाळी सातपासून मलकापूरला सांगलीकडं जाणाऱ्या हायवेच्या कडेला उभे होते. लाल गाडी आली, थांबली. तात्यांनी आत हात घालून केबलीचा नट चाचपला.

"आमचे हे सुद्धा एवढे घाबरत नव्हते हो," ताई म्हणाल्या.

"पोचल्यावर फोन करा, ताई."

मग ते माझ्या ओसरीवर येऊन बसले, फोन मांडीवर घेऊन. तास गेला. दोन गेले. तिसराही संपत आला तेव्हा ते उठले. "गुरुजी, गाडी काढा. पेठ नाक्यापतुर बघून येऊ."

मी किल्ली शोधत होतो, तोच फोन वाजला. ताईंचा आवाज मला लांबूनही ऐकू आला, "पोचले हो तात्या! लग्नाच्या गडबडीत फोन करायचा राहिलाच."

फोन खाली ठेवून तात्या पुन्हा ओसरीवर बसले.

"आमची मंडळी आटपाडीला म्हायेरला जायची," मग ते हळूच म्हणाले. "स्टँडावर उतरली की फोन करायची. येवढंच बोलायची, 'पोचले.' ती जाऊन अकरा वर्सं झाली. तवापासनं पोचल्याचं मला कुनी कळवलंच न्हाई."

मी किल्ली परत खुंटीला लावली. तात्या फोन उलटासुलटा करत राहिले.

"ताई परवा माघारी निघनार हायत," थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "साताऱ्याला पोचल्यावर बी कळवा, असं सांगू का? का जास्तीचं व्हईल, गुरुजी?"