रंगनाथपंतांचा बावीस पानी अभिप्राय

॥ श्री ॥ ज्याच्या कृपेने एका कलमाचे दोन अर्थ निघतात आणि दोहोंची फी मिळते, त्या बुद्धिदात्यास साष्टांग नमस्कार. शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी, ते दिवशी घडले ते येणेप्रमाणे.

कोणे एके राज्यी पोलादी कपाटे करणारी कंपनी नांदत होती. तिचे दरबारी राजश्री रंगनाथपंत मोकाशी संचालक. पंत न्यायसभेतील थोर वकील; काळा झगा सावरून उभे राहिले म्हणजे प्रतिपक्षास घाम फुटे. सात कंपन्यांच्या खुर्च्या मिळविल्या आणि म्हातारपणी सहा सुटल्या, ही एकच उरली, आणि घरी तो पंतांस भाजी काय आणावी हेही कोणी पुसत नसे, म्हणोन सारा जीव या खुर्चीत गुंतला. दंडक ऐसा की, तिसरे वर्षी संचालकाने उठावे आणि भागधारक रयतेने सभेत हात वर केले तरच पुन्हा बसावे. रयत गरीब स्वभावाची. वर्षातून एकदा यावे, कचोरी, वेफर, पेढा ऐसे खोके घ्यावे, हात वर करावा आणि घरी जावे, ऐसा परिपाठ. परंतु पंतांस कायद्याचा उमाळा आला, आणि बावीस पानी अभिप्राय लिहिला की, सभेत खोके देणे ही मतदारास लाच होय, सबब बंद करावे. अध्यक्षांनी मान डोलाविली, आणि खोकी बंद जाहली. यंदा उठण्याची पाळी आपलीच, हे मात्र पंतांचे ध्यानी राहिले नाही.

मग सभा भरली, आणि रयतेने नुसता चहा पाहिला आणि ती हाताची घडी घालून बसली. अध्यक्षांनी पंतांचे नाव पुकारले. चारशे माणसांत एक हात वर जाहला नाही. पंत उठोन बोलिले, "कुणाची काही शंका?" तो पहिल्या रांगेतून मथूताई परचुरे, पाच शेअरांच्या धनीण, उभ्या राहिल्या.

"शंका कसली मेली! खोकं कुणी बंद केलं?"

"कायद्यानं, बाई."

"कायदा लिहून कुणी दिला? घरी स्वयंपाक न करता आलेय मी!"

सभा खदखदली. पंतांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला, आणि मग खाकरून बोलिले, "अभिप्राय नीट वाचता असं दिसतं, की मतदानापूर्वी खोकं दिलं तर लाच. नंतर दिलं, तर ते आतिथ्य."

"नंतरचं कुणी पाहिलंय? आधी आणा."

"आधी..." पंत अडखळले, खुर्चीकडे पाहिले, आणि एका दमात बोलिले, "आधी दिलं, पण मतदार भुकेला असेल, तर तो औषधोपचार!"

मग सभा तासभर थांबविली, कारकून हलवायाकडे धावले, खोकी आली, आणि चारशे जणांनी एका हाती खोके धरून दुसरा हात वर केला. पंत पुन्हा स्थानापन्न जाहले. मथूताईंनी जवळ येऊन अर्धी कचोरी पुढे केली. "घ्या हो वकीलसाहेब. तोंड किती सुकलंय! लाच नाही ही." पंतांनी मुकाट्याने खाल्ली, आणि डोळे पाणावले ते मिरचीने म्हणोन सांगितले.

तात्पर्य, खुर्ची राहिली आणि अभिप्राय बुडाला. चाळीस वर्षांत पंत अनेक दावे हरले; हरून बरे वाटले तो हाच एक.