बिराजदारसरांचा डावा रकाना

आठवड्यातून एक दिवस बिराजदारसरांना काहीच येत नाही. म्हणजे ते स्वतःच तसं जाहीर करतात. सकाळी ऑफिसात आले, डबा खणात ठेवला, की सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "आज मला काही येत नाही बगा." मग संध्याकाळपर्यंत या माणसाशी बोलणं म्हणजे शिक्षाच. मी एकदा सहज म्हटलं, "सर, ती फाइल उघडून बघा ना." तर म्हणाले, "कुठली फाइल? असती कुठं? उघडायची कशी?" आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना काम शिकवलं ते याच माणसाने.

आमची कंपनी चाकणच्या कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिते. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले कोडचे तुकडे जोडून त्यांचा एक प्रोग्राम बनवणारं बिल्ड टूल आम्ही घरच्या घरी तयार केलं आहे. ते कसं वापरायचं ते लिहिणं आणि लिहिलेलं ताजं ठेवणं, हे सरांचं काम. लिहून झालं की ते पान अडाण्यासारखं पाळून बघायचं, पानावर नाही ते करायचं नाही, ही त्यांची पद्धत. एकदा पानावर 'संगणक सुरू करा' एवढं लिहायचं राहिलं होतं. सर जेवणाच्या सुट्टीपर्यंत काळ्या पडद्यासमोर हात बांधून बसून राहिले. त्याचा फोटो अजून आमच्या ग्रुपवर फिरतो.

"आणि ज्याच्याकडं ते नाही, त्यानं काय करावं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. कॅन्टीनची कुपनं फोनवर आली, तेव्हा त्यांनी हा प्रश्न इतक्यांदा विचारला, की कॅन्टीनवाला त्यांना लांबून पाहिलं तरी आत जाऊन कांदा चिरायला बसतो. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही कळवलं होतं, भेटवस्तू नको, फक्त आशीर्वाद द्या. पिंपळे सौदागरला आमच्या दारात सर रंगपेटी घेऊन उभे, आणि वर मलाच विचारतात, "ज्याच्याकडं आशीर्वाद नाही, त्यानं काय करावं?" सरांना मूलबाळ नाही, बायकोला जाऊनही बराच काळ झाला. मी हसले, पण मग त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

आता रकान्याचं सांगते. कोड साठवून ठेवायच्या आमच्याकडे दोन व्यवस्था होत्या. चाकणच्या शेडमध्ये, यंत्रांजवळ बसणारी मंडळी जुनी एसव्हीएन वापरायची. आम्ही वाकडच्या ऑफिसातले लोक गिट. म्हणून सरांच्या प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे जुनी पद्धत, उजवीकडे नवी. जुन्या पद्धतीत काम संपवून कमिट केलं, म्हणजे त्याची नोंद केली, की ते थेट सर्व्हरवर पोचतं. गिटमध्ये कमिट केलेलं आपल्याच संगणकात राहतं. पुढे पाठवायला आणखी एक आज्ञा द्यावी लागते, तिला पुश म्हणतात. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही.

मध्यंतरी शेडमधले सगळे गिटवर आले. आमची मॅनेजर श्रद्धा म्हणाली, "सर, डावा रकाना काढून टाका. आता कोण वाचतं तो?"

"जुन्यावरनं नव्यावर येणारा वाचतो. काय बदललं ते त्याला शेजारी दिसाय पाहिजे."

"आले की सगळे."

"आले. कसे आले ते विचारा एकदा."

श्रद्धा काही वाईट बाई नाही. तिने सोमवारपर्यंत मुदत दिली आणि ती पुढच्या मीटिंगला गेली. सर मात्र त्या दिवशी डबा न उघडता बसून राहिले. मी थट्टेत म्हटलं, "सर, रकान्याचं सुतक धरलंत की काय?" ते हसले नाहीत. मला जिन्याजवळ घेऊन गेले आणि त्यांनी सुतारांचं सांगितलं.

सुतार चऱ्होलीचे. सर आणि ते एकाच वेळी कंपनीत लागले. सर वाकडला येईपर्यंत कितीतरी वर्षं दोघांनी शेडमध्ये एका डब्यात खाल्लं. बऱ्याच वर्षांपूर्वी शेडमधून गिटवर पहिले आले ते सुतारच, आणि तेही सरांनी गळ घातली म्हणून. "मी लिहून देतो ना, तू फक्त तसं कर," असं सर म्हणाले होते. उजव्या रकान्यात लिहिलं होतं, काम झालं की कमिट करा. पुशचं लिहायचं राहिलं. सुतार रोज संध्याकाळी इमानेइतबारे कमिट करून, जुन्या पद्धतीसारखं काम सर्व्हरवर गेलं असं समजून घरी जात राहिले. मग त्यांचा संगणक बदलला, जुना पुसला, आणि एका नव्या यंत्राचा सगळा प्रोग्राम गेला. मीटिंगमध्ये लोक म्हणाले, एवढं साधं कसं कळत नाही. सुतार म्हणाले, वय झालं, डोकं चालत नाही. आणि स्वतःहून राजीनामा देऊन गेले.

"मीटिंगआधीच मी पान उघडून बगितलो होतो," सर म्हणाले. "त्यात नव्हतंच ते. आणि मी गप बसलो. भ्यालो, दुसरं काय. संध्याकाळी गुपचूप ओळ घातलो. सुतारला वाटतं, पानावर असंल, आपणच वाचलं नाही."

मला त्यांचा राग आला. आणि तो रागही नीट टिकेना, कारण समोरचा माणूस रडवेला झाला होता.

सुतारांनी आता घराखाली पिठाची गिरणी टाकली आहे. सर दर शनिवारी तिथे जातात. सांगायचं म्हणून जातात आणि दळण घेऊन परत येतात. एकट्या माणसाला लागून लागून किती पीठ लागणार, म्हणून सोमवारी ते ऑफिसात वाटतात. आमच्या घरच्या पोळ्या गेली कित्येक वर्षं त्याच पिठाच्या आहेत, आणि मी आपली समजत होते, सरांच्या गावाकडून येतं.

"तुम्ही चला या शनिवारी," ते म्हणाले. "आधी त्याला सांगतो, मग श्रद्धा मॅडमला. एकटा गेलो की नुसता गहू दळून येतो."

मी गेले. या वेळी त्यांनी गहू आणलाच नव्हता. चारी बाजूंनी टॉवर उठलेत आणि मध्ये ते छोटं घर, खाली गिरणी. सुतार भुवयांपर्यंत पांढरे झालेले. "या, बिराजदार. बाई, बसा. दळण कुटं हाय?"

"आणलं नाही."

"मग गिरनीत काय फोटू काढायला आला व्हय?"

सर उभेच राहिले. एरवी पायरी पायरीने लिहिणारा माणूस, पण इथे शेवटचंच आधी बोलला. "सुतार, पानावर पुशचं लिहिलेलंच नव्हतं. मी विसरलो होतो. तू बरोबर केलास."

सुतारांनी गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. मला वाटलं, आता हा माणूस यांना हाकलणार, आणि हाकललं तर त्यात चूक काही नाही.

"म्हंजी पानावर न्हवतंच?"

"नव्हतं."

"मग मी चुकलो न्हवतो."

"नाही."

सुतार पोत्यावर बसले. बराच वेळ तळहाताचं पीठ झाडत राहिले. मग जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "कमल, जरा खाली ये." त्यांची बायको पदराला हात पुसत खाली आली आणि आम्हा दोघांकडे बघत दारातच थांबली.

"ही पयल्यापासनं म्हनायची, तुमच्या हातनं असं व्हनार न्हाई," सुतार म्हणाले. "आन मी हिच्यावरच डाफरायचो. तुला काय कळतंय, म्हनायचो. माजं डोकं गेलंय, म्हनायचो. चार मानसांत हिशेबाला बसायचं सोडलं मी." ते सरांकडे वळले. "आता हिला सांगा. पयल्यापासनं सांगा, काय काय झालं ते."

सर पहिल्यापासून सांगू लागले. निम्म्यावर आले आणि त्यांना रडू फुटलं. सुतारांनी उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. थांबू मात्र दिलं नाही.