देवघरातला पेनड्राइव्ह

पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा सुकदेव नाना कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर दोन्ही गुडघ्यांत आवळून हसनैनच्या दुकानात आले. पिंप्राळ्यातले लोक आता लांबूनच विचारायचे, "नाना, आज भरती की डिस्चार्ज?" नाना उत्तर देत नसत. माणूस पुरता दमला की त्याला टोमणासुद्धा लागत नाही.

"तेच का?" हसनैनने स्क्रू काढता काढता विचारलं.

"तेच. चालू केला की एक बाई येते, बक्षीस लागलं म्हणते. तिले घालवली की दोन येतात. काल सात होत्या. सुंदरबाई म्हणे, इतक्या जणींचा चहा कुठून करू."

"नाना, मी मुळापासून पुसला होता. दोनदा. पुसलेल्या पाटीवर आपोआप अक्षर उमटतं का कुठं?"

"ते तू पाहा. मले माझी यादी पाहिजे."

यादी म्हणजे साधी यादी नव्हे. नानांच्या धाकट्या मुलीचं, दिपमालाचं लग्न धुळ्याच्या प्रेमराजभाऊंच्या मुलाशी ठरलेलं. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून मूळ गावच्या, असोद्याच्या भाऊबंदांची सत्तावीस नावं, तीही मानाच्या क्रमाने. हा क्रम लावायला दीड महिना आणि अकरा बैठका लागल्या होत्या. थोरल्या रूपाच्या लग्नात चुलतभाऊ अभिमनचं नाव एका धाकट्याच्या खाली छापलं गेलं, तर त्याने ट्रॅक्टर भरून आणलेली माणसं मांडवाच्या दारातूनच परत वळवली. उरलेली वरण-बट्टी कॉलनीतल्या गाई तीन दिवस खात होत्या, आणि चौथ्या दिवशी त्याही तोंड फिरवायला लागल्या. आता छापखानेवाल्याने उद्या दुपारची मुदत दिलेली.

"यादी पहिल्याच दिवशी गेली नाना," हसनैन हळू आवाजात म्हणाला. "कागदावर नाही?"

"उंदरांनी खाऊ नये म्हणून तर कॉम्प्युटरात टाकली."

हसनैनला नानांची दया आली, आणि स्वतःच्या हाताचा संशयही. तिसऱ्यांदा सगळं साफ करून संध्याकाळी तो स्वतःच डबा घेऊन नानांच्या घरी गेला. म्हटलं, हे भूत शिरतं कुठून ते डोळ्यांनी बघू.

दारातच नानांच्या बायको सुंदरबाई ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. मग देवघरात गेल्या आणि बाळकृष्णाच्या पाटाखालून एक पेनड्राइव्ह काढून आणला. त्यालाही कुंकू. सराईत हाताने तो त्यांनी कॉम्प्युटरला लावला.

हसनैनची चहाची बशी ओठांजवळच थांबली. "अक्का, हे काय?"

"दिपमालाच्या साखरपुड्याची शूटिंग. पहिलं शुभ पाहायचं, मग बाकी काम."

"दर वेळी लावता?"

"मग? आजारातून उठलेल्याले तसंच कामाले जुंपायचं का?"

पडद्यावर दिपमाला दिसायच्या आधी बक्षीसवाल्या बाया दिसल्या. नऊ होत्या.

"रोग यातच आहे नाना. फेकून द्या हा."

नाना खुर्चीत आणखी खाली घसरले. "अरे, हा धुळ्याहून आला. व्याह्यांनी नारळासंगं ताटात घालून धाडला. 'तुमच्या ताटात रोग होता' असं कोणत्या तोंडाने सांगू? लग्न राहील का?"

"बरं, घरातच होता ना हा? बाहेर कुठं फिरला नाही?"

सुंदरबाईंनी पदर सावरला. "फिरला ना. असोद्यात. गेल्या आठवड्यात पेढ्यांच्या डब्यासंगं धाडला होता. एका घरी पाहून झालं की मी सांगितलेल्या पुढच्या घरी त्यांनीच नेऊन द्यायचा."

तेवढ्यात फोन वाजला. थोरल्या घरच्या भिकुबाई.

"सुकदेव, तुह्या पोरीचा साखरपुडा पाहिला आन् नातवाच्या कॉम्प्युटरात बाया शिरल्या. सूनबाई माहेरी जायचं म्हणते."

"वहिनी, तो डबा तुम्ही पुढे कोणाकडे दिला होता?" नानांनी नुसतं बोलायचं म्हणून विचारलं.

"मधल्या घरी. दुसऱ्या कोणाकडे देईन? मान त्यांचा."

फोन ठेवला तोच मधल्या घरचा आला. नंतर तर रांगच लागली, कारण गावात पारावर तोच विषय चालू होता. नाना प्रत्येकाचं ऐकून घेत, माफी मागत आणि सवयीने विचारत, "तुमच्याकडे कोणाकडून आला? पुढे कोणाकडे गेला?" आठव्या फोनला हसनैन हळूच उठला. कॅलेंडरचं मागचं पान फाडून त्याने नानांच्या हातात पेन्सिल दिली.

"लिहा नाना. तुमची यादी चालत आली."

नाना लिहीत गेले. सव्वा तासात सव्वीस नावं झाली, मानाच्या क्रमाने, एकही मागेपुढे नाही. नानांनी बायकोकडे पाहिलं.

"तुले क्रम पाठ होता?"

"थोरल्या घरापासून खाली. त्यात पाठ काय करायचं?"

"मग बोलली का नाही?"

"तुमच्या अकरा बैठकांत मले चहा मागितला. क्रम कोणी विचारला?"

नानांनी कागद पुन्हा मोजला. "सव्वीस. अभिमन कुठे आहे?"

"त्याले धाडलाच नाही मी. ट्रॅक्टर वळवतो काय."

फोन पुन्हा वाजला. अभिमनच होता. आवाज दुखावलेला.

"सुकदेवभाऊ, बठ्ठ्या, एकूण एक भाऊबंदांत तुमचा व्हायरस आला. काल-परवा वेगळी चूल मांडलेल्यांच्या घरीही आला. आमच्याच घराले वगळलं. ठीक आहे. ध्यानात ठेवीन."

नानांनी डोळे मिटले. "वगळलं नाही रे भाऊ. तुझा मान वेगळा. तुझ्याकडे मी स्वतः घेऊन येतोय."

सुंदरबाईंनी पेनड्राइव्हला ताजं कुंकू लावलं. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले, स्कूटरची किल्ली घेतली.

"पाच मिनिटं द्या नाना," हसनैन म्हणाला. "साफ तरी करून देतो."

"नको, तसाच दे," नाना चपला शोधत म्हणाले. "बाकीच्यांच्या घरी नऊ बाया आल्या आणि त्याच्याकडे एकही नाही असं झालं, तर ट्रॅक्टर पुन्हा वळेल."