जादा पाटा मिळणार नाही

मागे एकदा जामखेडला एका बड्या पुढाऱ्याची सभा होती. त्यांच्या विरोधातली पत्रकं मी भर सभेत वाटत होतो. मनातून अटकेची तयारीही ठेवली होती, धुतलेला सदरा घालून गेलो होतो. पोलिसांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी धरलं ते गहिनीनाथतात्यांना, आणि तेही पुढाऱ्यांच्या गाडीखालून, पाय धरून बाहेर ओढून.

"खाली काय करत होता?" हवालदारांनी दरडावलं.

"पाटे बघत हुतो."

"ह्या गाडीला पाटे नसतात!"

"व्हय, न्हाईत. खाली नुसत्या गोल स्प्रिंगा हायेत." तात्या धूळ झटकत म्हणाले. "पुढून समदेच चांगले दिसत्यात, सायेब. आधी मागचं बघावं."

माझ्या चार पानी पत्रकात जे नीट सांगता आलं नव्हतं, ते या माणसाने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मला फार राग आला. दोन तासांनी तात्या सुटले. पोलिसांची गाडी डाव्या बाजूला खाली दबली आहे हे त्यांनी चौकीच्या दारातूनच ओळखलं आणि तिचा तुटका बोल्ट जाता जाता बदलून दिला.

ट्रकच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एकाखाली एक रचलेली कमान असते. तिला पाटे म्हणतात. वजन तीच पेलते, दणके तीच खाते. तात्यांचं दुकान या पाट्यांचं. पत्र्याची शेड, एक भट्टी, एक ऐरण, आणि दारावर पांढऱ्या रंगाने लिहिलेली पाटी: 'येथे जादा पाटा चढवून मिळणार नाही.'

आता ही पाटी म्हणजे न्हाव्याने 'येथे केस कापले जाणार नाहीत' असं लिहिण्यासारखी होती. आमच्याकडे उसाची गाडी भरायची म्हणजे किती भरायची याला मर्यादा नाही. ती कारखान्यापर्यंत पोचावी म्हणून मालक पाट्यांच्या थप्पीत एक पाटा वाढवून घेतात. धंदा त्याचाच. तात्या नेमका तोच करत नसत. मी भारावून गेलो. 'ओव्हरलोड वाहतुकीविरुद्ध एकाकी लढा' असं पत्रक काढलं आणि पहिली प्रत त्यांना दिली. त्यांनी ती चारदा दुमडून ऐरणीच्या हलत्या पायाखाली सारली.

"बरुबर बसलं बघ," म्हणाले. "तुझ्या कागदाला जाडी चांगली हाय."

तात्यांनी लग्न केलं नाही. थोरली बहीण भामाआक्का आणि ते, असं दोघांचं घर दुकानाच्या मागेच. आक्काने जन्मभर ऊस तोडला. आता पाठीने पार अडकलेली. काठी धरून ओट्यापर्यंत यायची आणि तिथून भावाच्या कारभारावर बोलायची. गेल्या अकरा वर्षांत ती कुठल्याही गाडीत बसली नव्हती. लेक शेवगावला दिलेली. लेकीने तिथे घर बांधलं, ते आक्काने मोबाईलवरच पाहिलं होतं. "भिंती दिसल्या बाबा," ती मला म्हणाली, "पर चुलीपाशी बसाया मिळंना."

अशा घरात एके दिवशी तात्यांनी ती गाडी आणली.

कोणे एके काळी कुठल्याशा सरकारी खात्याच्या साहेबांना माळावर मुक्काम करता यावा म्हणून बांधलेली ती चाकांवरची खोली होती. आत दोन बिछाने, मोरी, घडीचं टेबल, जाळीची खिडकी. भिंतीवर 'धूम्रपान मनाई' आणि बरोबर त्याखाली राखदाणी. कपाटात एक फाईल निघाली. वर 'अत्यंत तातडीचे' लिहिलेलं आणि नाडीची गाठ कारखान्यातून आली तशीच. लिलावात भंगारवाल्याने घेतली, भंगारवाल्याला नको झाली, तात्यांनी उचलली. मागच्या बाजूला ती अशी डावीकडे कलली होती की साहेब अजून आत एका कुशीवर झोपलेत असं वाटावं.

"ह्यात बसून काय करनार हायेस, नाथा?" आक्काने ओट्यावरून विचारलं.

"जग फिरनार."

"आधी मोरीपतुर जाऊन तोंड धू."

दीड वर्ष तात्या त्या गाडीला चिकटले. गंज खरवडला, पत्रे बदलले, इंजिन उघडून परत बांधलं. हे सगळं तीन-चार महिन्यांत उरकलं. उरलेला सगळा काळ गेला तो मागच्या पाट्यांवर. मूळच्या थप्पीत नऊ पाटे होते. तात्यांनी नऊ ठेवून पाहिले, आठ केले, सहा केले. सहावर गाडी वळणावर झोकांड्या खाऊ लागली, तेव्हा परत सात. प्रत्येक पाटा ऐरणीवर ठोकून त्याची गोलाई बदलायची, बुश नवे घालायचे, मधे ग्रीस भरायचं, आणि मग परीक्षा.

परीक्षा अशी. मागच्या बिछान्याच्या उशाशी काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवायचा. तात्या गाडी ओढ्याच्या पुलापर्यंत नेऊन परत आणणार. एक थेंबही सांडता कामा नये. तांब्यावर नजर ठेवायला मी.

"मीच का?"

"तू पत्रकं काढतोस. तुला खोटं बोलाया येत न्हाई. म्हनून तर तुझं कुठं काई जमंना."

मी निमूटपणे चढायचो. पुलाच्या तोंडाशी एक खड्डा आहे. तिथे दर वेळी पाणी सांडायचं. पुढून आवाज यायचा, "किती?" मी खरं सांगायचो, "घोटभर." त्या दिवशी तात्या जेवायचे नाहीत.

शेवटी मी म्हणालो, "तात्या, चुकतंय ते रस्त्याचं. मी खड्ड्याचं निवेदन देतो."

"दे की. तुझ्या निवेदनानं खड्डा भरंस्तवर आमी दोघं बी जाऊ. खड्डा हाय आसं धरूनच पाटा बसवायचा असतोय, लेका."

एकदा एक ट्रकमालक आला. दारावरची पाटी न वाचता म्हणाला, "तात्या, एक जादा पाटा टाका." तात्यांनी घण उचलला. मालक गाडीकडे असा धावला की एक चप्पल दुकानातच राहिली. मी हसत ओट्याकडे पाहिलं. आक्का हसत नव्हती.

"तुला वाटतं त्यो कायद्यानं वागतोय," ती हळू म्हणाली. "तसं न्हाई. सिझन संपून आमची टोळी गावाकडं येत हुती. रिकामा ट्रक, मागं आमी अन् आमची भांडी. जादा पाटा भरल्या गाडीला आधार देतो, रिकामीला उडवतो. एका खड्ड्यात मी उडाले ती फाळक्यावरच आदळले. पाठ गेली." तिने पदराने काठीची मूठ पुसली. "त्यो पाटा नाथानंच चढवल्याला. मी कधी बोलले न्हाई. त्यो बी कधी बोलला न्हाई. अकरा वरसं पाठ कशी हाय म्हनून इचारलं न्हाई त्यानं मला. तांब्याला इचारतोय."

त्यानंतर मला तांब्याकडे नीट बघवेना.

एका सकाळी मी गेलो तर आक्का नवं लुगडं नेसून गाडीच्या पायरीशी उभी. तात्या स्पॅनर घेऊन तिच्यासमोर आडवे.

"आक्के, थांब. आजून दोन थेंब सांडतंया."

"सांडू दे. मी काय पानी हाय? सरक."

तात्या सरकले. आम्ही दोघांनी तिला उचलून मागच्या बिछान्यावर आडवं केलं. तात्यांनी तांब्या काठोकाठ भरून तिच्या उशाशी ठेवला. मला म्हणाले, "नजर हलवू नगंस." आणि पुढे जाऊन बसले. मधे पत्र्याची भिंत आहे. पुढून मागचं काही दिसत नाही, एका झरोक्यातून फक्त ऐकू येतं.

इंजिन सुरू झालं. आक्काने कोपरावर भार देऊन जरा मान उचलली, तांब्या तोंडाला लावला आणि निम्मा पिऊन टाकला. ओठ पुसले. तांब्या जागेवर ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं की मी झरोक्याकडे नेलेलं तोंड परत फिरवलं.

गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. पुलाचा खड्डा आला. मागचं चाक खाली गेलं, वर आलं. आक्काने बिछान्याच्या कडेची लोखंडी नळी घट्ट धरली, डोळे मिटले. मग तिची बोटं एकेक करून सुटली.

गाडी थांबली. झरोक्यातून घोगरा आवाज आला, "किती?"

तांब्यातलं उरलेलं पाणी अजून डुचमळत होतं, काठापासून पार खाली, निम्म्यावर.

"एकही थेंब नाही, तात्या," मी म्हणालो.

मग तात्यांनी खाकरून घसा साफ केला. एकदा केला, परत केला.

"आक्के," ते म्हणाले, "पाठ... पाठ कशी हाय?"

आक्काने उत्तर द्यायला वेळ घेतला. अकरा वर्षं तिनेही थोडी वसूल केली.

"हाय जागेवर," ती म्हणाली. "तू शेवगावचा रस्ता धर."