हळदकुंकवाची किल्ली

आमच्या शेजारचे हणमंततात्या विहिरीवरची मोटर चालू करण्याआधी तिला विचारतात. स्टार्टरच्या पेटीपुढे उभे राहतात, टोपी नीट करतात आणि म्हणतात, "काय, निघायचं का?" मग बटण. पाणी पाइपातून धडधडत बाहेर आलं की "हां, बरं झालं," म्हणून पेटीचं दार हलक्या हातानं लावतात.

सगळ्या यंत्रांना तात्या अहो-जाहो करतात. ट्रॅक्टर, डाळिंबावर फवारणी करायचा ब्लोअर, घरातला मिक्सर, सगळ्यांना. माणसांना मात्र सरसकट अरे-तुरे. शेळगावचे सरपंच असोत की कारखान्याचे संचालक, "ये रं, बस." एकदा मी विचारलं, तात्या, हे असं उलटं कसं? तर म्हणाले, "मानसाला राग आला तर त्यो तोंडानं सांगतोय. मशीन बिचारं काय सांगनार? गप बंद पडतं. मग बसा बोंबलत."

आमचा मिक्सर जळाला तेव्हा बायकोनं त्यांचा मागितला. तात्या स्वतः घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "दमानं घे त्यांना. शेंगदानं हायती, एकदम जोर लावायला लावू नकोस." बायकोला वाटलं घरात कुणी पाहुणे आलेत. ती पदर सावरून बाहेर डोकावून आली.

हसायला सोपं आहे, आम्हीही हसतो. पण मी खताचं दुकान चालवतो, दिवसभर शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकतो, आणि एवढं नक्की सांगतो की अख्ख्या शिवारात ज्याचा ब्लोअर ऐन फवारणीत कधी अडला नाही असा माणूस एकच. शिवाय दुसऱ्याचा अडला की तात्या जेवणावरून उठून जातात. मालकाशी बोलायच्या आधी ब्लोअरशी बोलतात, "काय झालं तुमाला?" आणि मालकाकडं असं बघतात की त्यानं लाजून मान खाली घालावी.

कुठलीही वस्तू घरात आली की तिचं माहितीपुस्तक ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचतात. मराठीत असलं तर मराठीत, नाहीतर हिंदीत, अडखळत, पण एक ओळ सोडत नाहीत. संध्याकाळी ओट्यावर हे वाचन चालायचं आणि सुमनकाकू, म्हणजे तात्यांची बायको, शेंगा सोलत ऐकायच्या. मध्येच विचारायच्या, "आज फ्रिजचं काय म्हननं हाय?" त्या चेष्टा करत होत्या की खरंच विचारत होत्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तात्यांना मूलबाळ नाही. आमची लेक आशू त्या ओट्यावरच वाढली. तिला बाराखडीच्या आधी वॉशिंग मशीनच्या सूचना पाठ झाल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. वाचन बंद पडलं, आणि तात्यांचं बोलणं फक्त मशीनांशीच उरलं की काय, असं आम्हाला वाटायला लागलं.

अशात तात्यांनी गाडी घेतली. बारामतीच्या शोरूममधून, विजेवर चालणारी. मला बरोबर नेलं होतं. तिथल्या माणसानं सांगितलं की हिला किल्ली नाही, तुमचा फोन हीच किल्ली. फोन खिशात घेऊन जवळ आलात की दार उघडणार, लांब गेलात की आपोआप बंद होणार. फोन बिघडला तर एक कार्ड देतो, ते जपून ठेवा. मला हे काही पटलं नाही. तात्यांना एवढं पटलं की ते मला म्हणाले, "बघ, आपन आलो की दार उघडत्यात, गेलो की लावून घेत्यात. घरच्या मानसागत." आणि कार्ड त्यांनी जपून ठेवलं. फोनच्या कव्हरच्या आत, पाठीमागं.

त्या दिवसापासून तात्या फोनला 'किल्लीबाई' म्हणू लागले. त्यावर फोन घेणं त्यांना बरं वाटेना. "किल्ली कानाला लावून कोन बोलतं का?" असं म्हणून ते माझ्या दुकानात येऊन माझ्या फोनवरून बोलायचे.

आशूचं लग्न ठरलं ते बावडा गावच्या मुलाशी. नवरीनं सासरी नवरदेवाच्या गाडीतून जायचं ही आपल्याकडची रीत. आशूनं सांगितलं, मी तात्यांच्या गाडीतनं जाणार आणि तात्याच चालवणार. तिकडच्या मंडळींनी समजूतदारपणे होकार दिला.  तात्यांनी नुसतं विचारलं, "नक्की म्हनली का ती?" मी म्हटलं, नक्की. तर उठून गाडी पुसायला गेले.

लग्न इंदापूर रोडच्या कार्यालयात झालं. जेवणं उरकली, दुपार कलली, आणि पाठवणीची वेळ आली. गाडी झेंडूनं आणि निशिगंधानं मढवलेली, चाकाखाली लिंबू ठेवलेलं, तात्या गुलाबी फेट्यात. आमच्या घरच्या बायका ओवाळायचं ताट आणि ताम्हन घेऊन आल्या. गाडीला ओवाळलं, आणि माझी थोरली बहीण तात्यांना म्हणाली, "किल्ली द्या बरं, कुंकू लावायचंय."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, अहो हिला किल्ली नसते. पण तात्या पडले रीतीचे. त्यांनी खिशातून फोन काढून ताम्हनात ठेवला. बहिणीनं जरा गोंधळून त्याच्या काचेवर हळदीचं बोट ओढलं, कुंकवाचं ओढलं, वर दोन विड्याची पानं आणि सुपारी ठेवली, अक्षता टाकल्या. मग ताम्हन गाडीत पुढं, गणपतीच्या मूर्तीशेजारी ठेवलं. तात्यांनी हात जोडले आणि दार दोन्ही हातांनी हळूच लावलं.

तेवढ्यात आशू मांडवातून बाहेर आली आणि रडारड सुरू झाली. सगळे तिच्याकडं सरकले. तात्याही सरकले. तांब्याच्या ताम्हनात, पानसुपारीखाली फोनचा आवाज गाडीपर्यंत पोचेना की काय झालं, देव जाणे. गाडीला वाटलं मालक गेले. तिनं आरसे मिटले, दिवे एकदा मिचकावले आणि खटकन दारं लावून घेतली.

कळलं ते आशूला बसवायला गेल्यावर. तात्यांनी दार ओढलं. येईना. फेटा सावरून पुन्हा ओढलं. मग गाडीकडं वाकून म्हणाले, "अहो, मी हाय." पाठवणीला रडणारी माणसं हसायला लागली आणि हसणाऱ्यांचं बघून आशूही डोळे पुसत हसली. तात्या मात्र हसले नाहीत.

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर माझ्या फोनवरून फोन लावला. तिकडच्या बाईंनी फार गोड आवाजात सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, उघडून देते, मालकांच्या नंबरवर ओटीपी पाठवलाय, तेवढा सांगा. आणि आमच्या डोळ्यांदेखत, काचेच्या आत, ताम्हनातला फोन उजळला. पंचवीस माणसांनी काचेला नाकं लावली. पहिला आकडा दिसत होता. पुढच्यावर हळद होती. त्याच्या पुढच्यांवर बरोबर सुपारी बसली होती. माझी बहीण तिथंच कपाळाला हात लावून उभी राहिली.

"कार्ड असतं म्हणं दुसरं," कुणीतरी म्हणालं.

"हाय की," तात्या म्हणाले. "फोनच्या कव्हरात."

आता नवऱ्या मुलाचे मामा पुढं आले. मोठे कामसू गृहस्थ. त्यांनी कुठल्या तरी जीपमधून चाकाचा पाना काढून आणला होता. "मागची छोटी काच फोडतो. नंतर बसवून घेऊ. दिवस मावळायच्या आत नवरी घरात आली पायजे, तिकडं समदी खोळंबली हायती. न्हायतर आमच्या गाडीत बसवा."

त्यांचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. पण नवरीच्या गाडीची काच निघता-निघता फोडायची, हे बायकांना अपशकुनी वाटलं. आशू तात्यांकडं बघत होती. तात्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. सकाळपासून ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस फेटा बांधून हिंडत होता, ती हातातून चालली होती. ते मामांच्या आडवे आले. "जरा दम धर. एक किल्ली घरी हाय."

मी म्हटलं, "कुठली किल्ली? शोरूमवाल्यानं तर..."

"तू मोटरसायकल काढ. तूच चल. दुसरा कोन नको."

पोरीची पाठवणी सोडून मी फेट्यासकट मोटरसायकलवर बसलो. मागं तात्या. शेळगावची वाट काही फार लांबची नाही. घरी गेल्यावर त्यांनी आतलं कपाट उघडलं. काकूंच्या साड्या होत्या तशाच होत्या. त्यांच्या शेजारी, वायर लावलेला, काकूंचा फोन. काच तडकलेली, लाल कव्हर. बटण दाबल्याबरोबर चालू झाला. चार्जिंग पूर्ण होतं.

मी काही विचारलं नव्हतं. तात्याच सांगायला लागले.

"रोज लावतो चार्जिंगला. रिचार्ज बी मारतो. न्हाय मारला तर नंबर दुसऱ्याला देत्यात म्हनं. मग आपन कधी चुकून लावला, आनि तिकडनं भलतंच मानूस हॅलो म्हनलं तर काय करायचं?"

मी फोनची वायर काढून गुंडाळली.

"गाडी घेतली तवा त्यो म्हनला, दुसरी किल्ली घरातल्या कुनाच्या फोनात टाकायची? मी म्हनलं, देतो आनून. दुसऱ्या दिवशी नेला ह्यो." मग म्हणाले, "तिला गाडी शिकायची व्हती रं, विलास. मी म्हनायचो, घेऊ की, ह्या हंगामाला घेऊ, फुडच्या हंगामाला घेऊ."

आम्ही परत आलो तेव्हा मंडळी तशीच उभी होती. मामांच्या हातात पाना होता, पण खाली. तात्या मोटरसायकलवरून उतरले, लाल कव्हरचा फोन छातीशी धरून गाडीकडं चालत गेले. दोन पावलं राहिली असतील, आणि गाडीचे मिटलेले आरसे उघडले. दिवे लागले. दारांचा खट आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली.

तात्यांनी दार उघडलं. आतल्या पडद्यावर अक्षरं आली: सुमन. आणि चालवणाऱ्याची सीट, कुणी हात न लावता, हळूहळू पुढं सरकायला लागली. सरकत सरकत अगदी स्टिअरिंगपाशी गेली, थोडी वर झाली आणि थांबली.

टाळ्या थांबल्या. मामा म्हणाले, "ही सीट का पुढं गेली?"

"ज्याची किल्ली, त्याच्या मापानं बसत्यात त्या," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, आपल्या खांद्यावर हात ठेवून दाखवला. "हितपतूर यायची. तेवढ्यावरनं लावून घेतलं माप."

 आशू पुढं आली, कुणी धरायच्या आत स्वतःच मागं जाऊन बसली, शेजारी नवरदेव बसला. तात्या दाराशी उभे होते. सीट मागं घ्यायचं बटण खालीच असतं, त्यांचा हात तिथपर्यंत गेला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि वाकून, अंग चोरून, त्या एवढ्याशा जागेत बसले. सहा फुटांचा माणूस. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले, फेटा छताला टेकला.

"तात्या," आशू मागून म्हणाली, "सीट मागं घ्या की. अवघडाल."

"ऱ्हाऊ दे गं. आज तिला बी येऊ दे बावड्याला."

गाडी आवाज न करता निघाली. चाकाखालचं लिंबू फुटलं. रस्त्याला लागेपर्यंत मला काचेतून तो छताला दाबलेला गुलाबी फेटा दिसत होता. मी ढसाढसा रडलो. लेक सासरी जाताना बाप रडतोच, म्हणून मला कुणी काही विचारलं नाही.