चार हजार तीनशे बारा टेक

त्या कार्यालयात माणसांना नावं नव्हती, क्रियापदं होती. इंग्रजी क्रियापदं रोजच्या बोलण्यालिहिण्यात कोणत्या नामांबरोबर आणि इन, ऑन अशा कोणत्या प्रीपोझिशनबरोबर नांदतात, याचा कोश तिथे अकरा वर्षं तयार होत होता आणि तिथल्या अकरा जणांपैकी प्रत्येकाला एकेक क्रियापद वाटून दिलं होतं. मेकबाई आज रजेवर आहेत, पुट आणि सेट यांचं बोलणं बंद आहे, गेटरावांची पाठ धरली आहे, अशी वाक्यं तिथे कुणाला विचित्र वाटत नसत. आपल्या गोष्टीतला माणूस टेक होता. सहा वर्षं तो टेक होता आणि सहाही वर्षं हंगामी होता.

कामाचा नियम कडक होता. मनाने रचलेलं वाक्य चालत नसे. कुणीतरी खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं, टेकच्या जोडीदार शब्दांखाली निळी रेघ मारायची आणि कुठे, कधी मिळालं ते खाली लिहायचं. औषधाच्या खोक्यातलं घडीचं पत्रक, लिफ्टमधली सूचना, शेजाऱ्याचा तक्रारअर्ज, काहीही त्याला वर्ज्य नव्हतं. एकदा बसमध्ये दोन बायका टेक वापरून भांडत होत्या, म्हणून तो आपल्या थांब्याच्या पुढे तीन थांबे गेला आणि चालत परत आला. घरी पोचायला उशीर झाला, पण खिशात सात नवी वाक्यं होती.

या चिठ्ठ्या एका लांबट लाकडी खणात उभ्या असत. प्रत्येकीला खाली भोक आणि सगळ्यांतून आरपार गेलेली एक सळई. चिठ्ठ्यांवर क्रमांक नसत, कारण रोज मध्येच कुठेतरी नवी घुसायची. क्रम सांभाळायची ती सळईच. आणि क्रम होता अर्थांचा. टेकचे एकसष्ट अर्थ त्याने शोधून काढले होते. सदतिसावा आणि अडतिसावा यांतला फरक जगात फक्त त्यालाच कळत असे, आणि तोही सकाळच्या वेळी.

सोमवारी मुख्य संपादिका खण तपासणार होत्या. पसंत पडला तर तो कायम होणार होता. नाही पडला तर टेक गिव्हला देऊन टाकायचं ठरलं होतं.

शेवटची नजर फिरवायला म्हणून रीतसर परवानगी काढून त्याने शुक्रवारी खण घरी आणला. घरी सासरे आले होते. ते टपाल खात्यात छत्तीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झालेले. जावई एकाच शब्दावर सहा वर्षं काम करतो, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच तर ते ‘सरकारी स्वरूपाचं काहीतरी आहे’ एवढंच म्हणत.

शनिवारी सकाळी दहा वाजता त्याने एक शंकास्पद चिठ्ठी काढायला सळई ओढली. तेवढ्यात बायकोला इस्त्रीसाठी टेबल हवं झालं. तो खण उचलून गच्चीकडे निघाला. सळई टेबलावरच राहिली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्याचा हात किंचित कलला, आणि सहा वर्षांचं टेक चार मजले खाली गेलं.

काही चिठ्ठ्या भराभर पडल्या, काही रमतगमत. तळाशी सफाईवालीने नुकताच जिना धुतला होता. दारं उघडली. शेजारी मदतीला धावले आणि तिथूनच खरा घोळ सुरू झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी चिठ्ठ्या बादलीत भरून दिल्या. समोरच्या आजींनी ओल्या चिठ्ठ्या दोरीवर वाळत घातल्या. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी सव्वीस वाक्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून मगच त्या परत केल्या. बायकोने उरलेल्या घरात पसरून पंखा पूर्ण वेगात सोडला. तेवढा एक प्रकार झाला नसता तर निदान टेक एका खोलीत तरी राहिलं असतं.

दुपारी मोजदाद झाली. चार हजार तीनशे अकरा. खणावरच्या पट्टीवर बारा लिहिलेलं होतं. तो भिंतीला टेकून बसला आणि सोमवारपर्यंत एकसष्ट अर्थ पुन्हा लावणं माणसाला शक्य नाही, असं शांतपणे बायकोला सांगू लागला. ती म्हणाली, बाबांना विचार. त्याने कपाळाला हात लावला.

सासऱ्यांनी चष्मा पुसून एक चिठ्ठी हातात घेतली. मग दुसरी. मग दहा-बारा.

"सगळीकडे टेकच आहे की."

"टेकचाच खण आहे, बाबा."

"मग हा शब्द कुठे कुठे जातो?"

जावयाला या प्रश्नाने थोडी धुगधुगी आली. त्याने समजावलं, की आपल्याकडे माणूस मार खातो, शपथ खातो, भाव खातो, हवा खातो, डोकं खातो. खाणं एकच, पण सोबतीला कोण बसलं त्यावर सगळं. तसंच हे. इंग्रज रिस्क टेक करतो, फोटो टेक करतो, औषध टेक करतो आणि बसही टेक करतो. मात्र पार्ट टेक केला की पुढे इन लागतं, ॲडव्हान्टेज टेक केला की ऑव्ह, पिटी म्हणजे दया टेक केली की ऑन. असं का, ते इंग्रजालाही सांगता येत नाही. म्हणून तर चिठ्ठ्या.

सासऱ्यांनी आणखी मूठभर चिठ्ठ्या उचलून बघितल्या. मग चिठ्ठ्यांच्या ढिगाकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जशी जावयाने त्यांच्या डोळ्यांत आपल्यासाठी कधी पाहिली नव्हती.

"एवढी सगळी पत्रं," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला आजवर सांगितलं नाहीत."

त्या रात्री ते लवकर झोपले. रविवारी सकाळी जावई हरवलेली चिठ्ठी शोधायला घरोघर हिंडून तासाभराने परतला, तर सासरे जिन्यात उभे होते. प्रत्येक पायरीवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक गठ्ठा. डाव्या हातात चिठ्ठ्यांची थप्पी, उजव्या हाताचा अंगठा चालतोय, आणि चिठ्ठी हवेतून जाऊन नेमकी आपल्या गठ्ठ्यावर बसतेय. दोन पायऱ्या वर, पाच खाली, पुन्हा वर. ते वाक्य वाचतच नव्हते. निळी रेघ तेवढी बघत होते. वकील आणि आजी आपापल्या दारात उभे राहून बघत होते. खालून वर आलेला इस्त्रीवाला कपडे हातात घेऊन तसाच थांबला.

जावयाला आपण संतापायला हवं हे कळत होतं. अर्थांची वासलात लागली होती. पण तोही पाहत राहिला.

"बाबा, टेकच्या अर्थाप्रमाणे लावायच्या होत्या."

"टेक सगळ्यांवर आहे. प्रत्येक पाकिटावर देशाचं नाव असतंच. ते वाचत बसलो तर टपाल पोचायचं कधी?" हात थांबला नव्हता. "हे रिस्क, डिसिजन, फोटो, ही गावं. ऑन, इन, ऑव्ह या गल्ल्या. आधी गाव लावायचं, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, मग गल्ली. गल्ली चुकली की पत्र भलत्याच घरात."

"आणि हा वेगळा गठ्ठा?"

"यांत नुसती गल्ली आहे, गावच नाही. टेक ऑफ, टेक आफ्टर. अपुरा पत्ता."

संध्याकाळी पाचला सळई आत गेली. हरवलेली चिठ्ठी आजींच्या दोरीवर, टॉवेलच्या मागे सापडली आणि तीही आपल्या गावाला पोचली.

सोमवारी खण टेबलावर ठेवताना त्याने राजीनाम्याचा कागद खिशात चाचपून पाहिला. मुख्य संपादिकांसमोर त्याने झालं ते सगळं सांगितलं, लाल शाईसकट. त्यांनी खण पुढे ओढला. तपासायची त्यांची एक पद्धत होती. त्या क्षणभर विद्यार्थी होत. विद्यार्थ्याला डिसिजन हा शब्द माहीत असतो, अडतं ते त्याला क्रियापद कुठलं लावायचं इथे. त्यांनी डी अक्षरापाशी बोट घातलं. डिसिजनच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या एका दमात हातात आल्या, पुढे ऑन, त्यापुढे अबाउट.

त्या खाली बसल्या. मग त्यांनी मेकबाईंना मेक अ डिसिजनच्या चिठ्ठ्या आणायला सांगितल्या. मेकबाईंचा खण अर्थांनी लावलेला होता. त्यांना चाळीस मिनिटं लागली आणि नऊ चिठ्ठ्या सापडल्या.

"अकरा वर्षं," संपादिका हळूच म्हणाल्या, "आपण लोकांसाठी दार बसवत होतो, पण कडी आतल्या बाजूला. क्रियापद आधीच माहीत असलेल्यालाच ते उघडतं."

दुपारी सूचना लागली. अकराही खण मोडायचे, सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करायच्या आणि नामांप्रमाणे लावायच्या. क्रियापदं कुणाचीच राहणार नव्हती. पुट आणि सेट निषेधासाठी पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. गिव्ह टेककडे बघेनात. त्या धामधुमीत संपादिकांनी त्याच्या हातात लिफाफा दिला. तो कायम झाला होता. खाली आणखी एक ओळ होती: वर्गवारीप्रमुखांच्या हाताखाली. वर्गवारीप्रमुख म्हणून कुणाला बोलावणं गेलं, ते त्याला घरी कळलं. सासरे पांढरा शर्ट घालून बूट पुसत बसले होते.

गुरुवारी बरोबर नऊ वाजता त्यांनी कार्यालयातल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या, कारण वर्गवारी बसून होत नाही. मग त्यांनी समोरच्या अकरा माणसांकडे आणि सत्तेचाळीस हजार चिठ्ठ्यांकडे बघितलं. चिठ्ठ्यांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. जावई आपण होऊन पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, की बाकीचे नवखे आहेत, आपण आता कायम आहोत, तेव्हा डी ते एफ आपल्याकडे द्यावं.

सासऱ्यांनी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा धरून उलटसुलट पाहिला.

"कायम तुम्ही त्यांच्याकडे," ते म्हणाले. "माझ्याकडे आधी सहा महिने उमेदवारी."