खिशातली पाच मतं

“घरातली पाचही मतं माझ्या खिशात हायेत, रखमाजीराव! शिडीची काळजी सोडा!”

सोमाजीने छातीवरचा खिसा थोपटला. दोन हजार चार सालच्या निवडणुकीची गोष्ट. शिडी ही निशाणी, आणि रखमाजी तिचा खोडदमधला कार्यकर्ता. सोमाजीची बायको लंकाबाई चुलीपुढून ऐकत होती. शिडीवाल्याने दर निवडणुकीला वस्तीवर एसटी थांबवायचं वचन द्यायचं आणि लंकाबाईने मेथीचं गाठोडं डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत तंगडतोड करायची! तिने मनात पक्कं केलं, यंदा मत किटलीच्या निशाणीला!

सोमाजीला वास लागलाच.

“अगं, ह्या टायमाला शिक्का न्हाई, मशीन हाय. त्याची वायर थेट आपल्या दुर्बिणींना! चांदण्यांची कुजबुज ऐकत्यात त्या. तुझं बटन ऐकणार न्हाईत व्हय? वंगाळ दाबलंस की मशीन बोंबलतं!”

खोडदच्या बाईला हे न पटून कसं चालेल? गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणींच्या त्या अवाढव्य तबकड्या रोज खुरपताना समोर दिसायच्या. लंकाबाईने ते खरं मानलं. तरी मतदानाच्या दिवशी ती शाळेतल्या केंद्रावर गेली.

नाव पुकारलं, बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन तिने देवाचं नाव घेतलं आणि किटलीसमोरचं बटन दाबलं.

पीऽऽऽऽ!

जणू म्हशीच्या शेपटीवर बैलगाडी गेली! लंकाबाई आधी दचकली, मग पदर खोचून बाहेर आली.

“बोंबल मेल्या, बोंबल! व्हय, दिलं किटलीला! पायाला फोड माझ्या येत्यात, दुर्बिणीच्या न्हाई!”

बायकांच्या रांगेत खसखस पिकली.

“आजी, मतदान गुप्त असतं!” अधिकारी ओरडले.

“मग ह्याला सांगा की गप बसाय!”

आत शिडीचा प्रतिनिधी म्हणून रखमाजीच बसलेला. त्याने दारातल्या सोमाजीकडे असं पाहिलं, की सोमाजीचा खिसा तिथंच फाटला. तो तणतणत आडोशाला गेला आणि शिडीसमोरचं बटन जोरात दाबलं.

पीऽऽऽऽ!

“अगं बया!” लंकाबाईने टाळी वाजवली. “ह्यांनीबी किटलीच दाबली!”

रखमाजी ताडकन उठला. “सोमाजीराव?”

“अवो, न्हाई! हे समद्यांनाच वाजतं!”

“समद्यांना?” लंकाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. “मंग ते वायर, दुर्बीण? मला खोटं सांगितलं व्हय तुमी?”

एकीकडे रखमाजी, दुसरीकडे बायको. रखमाजी पाच वर्षांतून एकदा येणार. भाकरी मात्र रोज लागणार.

“न्हाई गं,” सोमाजी पुटपुटला. “मशीन खरं तेच बोललं.”

किटलीवाल्याचं डिपॉझिट गेलं. एसटी अजूनही फाट्यावरच थांबते. पण त्या दिवसापासून मेथीचं गाठोडं फाट्यापर्यंत सोमाजी नेतो, आणि त्याच्या खिशात तंबाखूशिवाय काही नसतं!